आत्याच्या आंबिलीची तपासणी

नांदेडच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखात राहावं. बाकीच्यांना सांगायला नको की यात काम पूर्णवेळ असतं आणि नोकरी अर्धवट. दरवर्षी नव्याने मुलाखत द्यायची, तीच प्रमाणपत्रं त्याच क्रमाने लावायची आणि बाहेर येऊन बाकावर बसायचं. अशी बरीच वर्षं गेल्यावर आमच्या विभागप्रमुखांना एक प्रकल्प मिळाला. मराठवाड्यात घरोघरी जे पदार्थ आंबवतात त्यात कोणकोणते जंतू असतात, ते जिनोम सिक्वेन्सिंग करून शोधायचं. प्रकल्प सरांचा, हिंडणं माझं.

मला त्याचा राग आला नाही. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. जन्मभर वर्गात परदेशी चीजमधले जंतू फळ्यावर काढून दाखवले, ज्यातलं एकही चीज मी किंवा माझ्या विद्यार्थ्यांनी तोंडात घातलेलं नाही. आता कुणीतरी ताकाकडे, कुरडईच्या चिकाकडे, आंबिलीकडे बघायला सांगत होतं. म्हटलं, हे तर आपल्या घरचं काम आहे.

सिक्वेन्सिंग म्हणजे काय ते मी इतक्या लोकांना समजावून सांगितलंय की आता झोपेतही सांगेन. प्रत्येक जंतूच्या पोटात डीएनए असतो, म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर. आंबिलीच्या एका चमच्यात असे अगणित जंतू. त्या सगळ्यांचा डीएनए एकत्र काढायचा आणि हैदराबादला पाठवायचा. तिथलं यंत्र त्याचे बारीक बारीक तुकडे वाचून देतं. मग ते तुकडे संगणकावर जुळवत बसायचं. दहाबारा लग्नपत्रिका फाडून एका सुपात कालवल्या आणि कुणी म्हणालं की आता एकेक पत्रिका परत लावून दे, तसं ते काम. लावता लावता डोळ्यांचं पाणी होतं, पण एखादी पत्रिका पुरी लागली की बरं वाटतं.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, निलंग्याच्या बाजूचं. तिथे धाकटा भाऊ शेती करतो. भावजय आहे, त्यांची एक लहान मुलगी आहे आणि आमची आत्या आहे. आत्या लग्न होऊन गेली आणि थोड्याच वर्षांत नवरा वारला म्हणून परत आली. मूलबाळ नव्हतं. माझे वडील होते तोवर बहीण म्हणून तिचा शब्द घरात चालायचा. पुढे वडील गेले, आई गेली आणि किल्ल्या भावजयीकडे गेल्या, जे रीतीला धरूनच होतं. आत्याच्या वाट्याला आंबील राहिली. पण आमच्याकडे आंबील म्हणजे साधी गोष्ट नाही.

येळवस हा सण लातूरकडे जेवढा मोठा, तेवढा दुसरीकडे कुठे नाही. नांदेडला येता येता त्याचा जोर ओसरतो. मार्गशीर्ष सरता सरता जी अमावस्या येते तिला सगळं गाव शेतात जातं. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, बांधायची, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा, पूजा करायची आणि जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, त्यात लसूण, जिरं, मीठ, पातळ, पिण्यासारखं. ती मातीच्या बिंदग्यात भरून घरातली बाई डोक्यावर घेऊन शेतात जाते. शिवाराभोवती ती शिंपडत फिरतात आणि तोंडाने कानडी शब्द म्हणतात, ज्यांचा अर्थ गावात आता कुणालाच येत नाही. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, अशी पद्धत आहे. आणि आलेला माणूस आधी आंबील मागतो.

आमच्या घरची आंबील आत्याची. बाकीच्या बायका येळवशीच्या दोन दिवस आधी पीठ भिजवतात. आत्याचं मडकं वर्षभर चालू असे. आंबील कितीही संपली तरी बुडाशी चार बोटं ठेवायची आणि त्यावरच नवं पीठ, नवं पाणी घालायचं. मडक्याला कधी साबण लागला नाही की राख लागली नाही. फुटलंच तर जुन्यातलं नव्यात ओतायचं. ही चार बोटं तिने तिच्या आईकडून घेतली होती, आणि आईने कुणाकडून घेतली ते तिला ठाऊक नव्हतं. गावातल्या बायका वाटी घेऊन विरजण मागायला यायच्या. आत्या द्यायची, पण दिवेलागणीनंतर आली तर देणार नाही म्हणजे नाही, मग ती सरपंचाची बायको का असेना. त्या आंबिलीला एक वास होता, ओल्या मातीवर ताक सांडावं तसा. लहानपणी मला तो आवडायचा नाही. नांदेडला आल्यावर आवडायला लागला.

प्रकल्पाच्या पहिल्या वर्षी मी येळवशीला गेले ती नळ्या घेऊनच. नळीत एक द्रव असतो. त्यात नमुना पडला की जंतू जागच्या जागी मरतात, पण त्यांचा डीएनए आहे तसा टिकतो. शेतातून बर्फ कुठून आणायचा, म्हणून ही सोय. आत्याने कौतुकाने पळीभर आंबील माझ्या नळीत ओतली आणि आल्यागेल्याला सांगितलं, "आमची पोरगी नेऊन राहिली, मोठ्या कालेजात दावायला." मला लाजल्यासारखं झालं. आजूबाजूच्या आणखी पाचसहा कोपींतून नमुने घेतले, भरपेट जेवले आणि निघाले.

अहमदपूरच्या पुढे बस गेली असेल नसेल, भावाचा फोन आला. शेतात जेवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. भाची सगळ्यांत लहान, तिला तर लातूरला दवाखान्यात दाखल करावं लागलं. सलाइनवर होती. तिच्या डोळ्यांखाली खड्डे पडलेत, असं भाऊ सांगत होता. मी लोह्याला उतरून उलटी बस धरली.

पोरगी बरी झाली, सगळेच बरे झाले. पण कशाने झालं हा प्रश्न राहिला. खिरीचं दूध दुपारपर्यंत उन्हात होतं. पाणी शेजारच्या विहिरीचं होतं, जिच्यात काय काय पडतं ते बघणाऱ्यालाच माहीत. पण दूध सगळ्यांच्या घरचं, विहीर भावकीतली, त्यांना कोण बोलणार? वर्षानुवर्षं न घासलेलं मडकं मात्र एकट्या आत्याचं होतं. आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची रीत जुनी आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यातच कुणीतरी म्हणालं, "त्या म्हातारीच्या मडक्यात किडं असतील." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. ज्या बायकांनी वाट्या भरभरून तिच्याकडून विरजण नेलं होतं, त्यांनी आपापल्या घरचं उकिरड्यावर ओतून दिलं.

भावजयीला मी वाईट म्हणणार नाही. तिने रात्रंदिवस पोरीचा हात धरून ठेवला होता. ती घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "ताई, म्या आत्याला काय बी बोलनार न्हाई. पन पुढच्या येळवशीला आंबील माझ्या माहेराहून यील." भाऊ खाली मान घालून बसला. आत्या चुलीपाशी होती, तिने ऐकलं. मडकं तिने फेकलं नाही. घरात कुणी पीत नसताना एकटीपुरती पळीभर पिऊन ते चालू ठेवलं.

उन्हाळ्यात मी गेले तेव्हा आत्याने मला परसात गाठलं. इकडची तिकडची न बोलता सरळ विषयालाच हात घातला.

"तुझ्याकडं ते यंतर हाय म्हनं. मडक्यात काय काय हाय ते दिसतंय म्हनं त्यात."

"दिसतं. पण वेळ लागतो, आत्या."

"लागू दे. बघ अन् सगळ्यायला सांग. किडं असतील तर म्या मडकं फोडून टाकते, माझी काय बी हरकत न्हाई. नसतील तर येळवशीची आंबील मी करनार. ह्या घरात दुसरं काय करते मी? दोन टायमाला जेवते."

मी हो म्हटलं. ती दुसरं काही मागत नव्हती, तिला आपली येळवस हवी होती.

तिची नळी हैदराबादला जाऊन यायला पावसाळा उजाडला. मध्ये निधी अडकला, मग कुरिअर अडकलं, मग आमच्याकडची वीज. मी तास घेऊन झाल्यावर संगणकापुढे बसत होते आणि पत्रिका लावत होते. आत्याच्या नमुन्यात आजार करणारं काहीही सापडलं नाही. जे होतं ते सगळं आंबवणारं, सज्जन कुळातलं. त्यातही एक जंतू सगळ्यांत जास्त होता आणि त्याचा जिनोम जवळजवळ पुरा लागला. जगभरातून गोळा केलेल्या जिनोमच्या साठ्याशी तो ताडून पाहिला. चुलतभाऊ बरेच निघाले, पण तंतोतंत तोच असा कुणी नाही. इतर कोपींतल्या नमुन्यांतही तो नव्हता. मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. माझ्या थकलेल्या नोकरीत आनंदाचे प्रसंग थोडे आले, त्यातला हा एक.

सर म्हणाले, "याचा चांगला पेपर होईल. पण जिवंत जंतू हवा. नळीतले तर मेलेत. परत आणा आणि वाढवा." मला तर तसंही जायचंच होतं.

त्याआधी भावाला फोन करून निकाल सांगितला. वाटलं, मिटलं सगळं. तो म्हणाला, "अक्का, तू म्हनतीस ते खरं असंल. पन ते मागच्या सालचं झालं. आज मडक्यात काय हाय ते कसं सांगावं कुनी? पोरीची माय काय ऐकायची न्हाई. आत्ताचं तपास, मग मी सांगतो तिला." ह्यात चूक काढायला जागा नव्हती. पुढच्या आठवड्यात येते म्हटलं. भावाने ते घरात सांगितलं: अक्का येऊन राहिली, मडक्याची तपासणी हाय.

तपासणी हा शब्द आमच्या गावात कसा ऐकला जातो, ते मी सांगते. अंगणवाडीची तपासणी असली की आदल्या दिवशी भिंतींना चुना मारतात आणि पोरांना नवी भांडी देतात. पाण्याची तपासणी असली की टाकीत ब्लिचिंग पावडर इतकी ओततात की पुढे दोन दिवस चहा पिववत नाही. साहेब आला की त्याला चांगलंच दाखवायचं असतं. त्यात लबाडी नसते, पाहुण्याचा मान असतो. हे मला माहीत होतं, पण मी काही साहेब नव्हते, घरची पोरगी होते.

गेले तर अंगणात सडा-रांगोळी. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली. मडक्यावर पांढरंशुभ्र फडकं. मी बर्फाचा डबा उघडला तसं तिने फडकं एका बाजूने थोडं उचललं, आपल्या हाताने पळी घातली आणि माझ्या बाटलीत आंबील ओतली. म्हणाली, "नीट बघ बाई." मग चहा झाला. भावजयीने पोहे केले. आत्याने मला कोपऱ्यापर्यंत सोडायला येऊन पुन्हा विचारलं, "कवा कळंल?" मी म्हटलं, दिवाळीनंतर.

ह्या खेपेला जंतू प्लेटवर वाढवले. सुरेख, गोल, पांढऱ्या वसाहती आल्या. त्यांचा जिनोम वाचून आला, मी तो जुन्याशी लावून पाहिला, तर जुळेना. थोडासा फरक नव्हे, हे कूळच वेगळं होतं. मला वाटलं बाटल्या बदलल्या. सगळं परत केलं, पुन्हा तेच. शेवटी सहज म्हणून आमच्याच विद्यार्थ्यांनी तुलनेसाठी वाचलेल्या, बाजारातल्या पाकिटबंद दह्याच्या जंतूंशी ताडलं. अक्षरन् अक्षर तेच. आत्याच्या मडक्यात आता पाकिटातलं दही होतं आणि दुसरं काहीही नव्हतं. पहिल्या वर्षीचा तो जंतू औषधालाही शिल्लक नव्हता.

मग सगळं डोळ्यांपुढे आलं: सडा-रांगोळी, लुगडं, पांढरंशुभ्र फडकं. ती घाबरली होती. आधीच्या निकालावर तिचा विश्वास बसलाही असेल, पण तपासणी म्हटल्यावर तिने जे सगळं गाव करतं तेच केलं होतं.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मग हा नमुना वगळा." त्यांच्या दृष्टीने तेवढंच होतं. मला रडूही आलं नाही. नुसता कंटाळा आला, हाडात शिरतो तसा. दोन रविवार मी माहेरच्या गावात आणि आसपास फोन करण्यात घालवले. आत्याकडून पूर्वी कुणी विरजण नेलं होतं ते मला आठवत होतं. एकेकीला विचारलं, एखाद्या गाडग्यात, एखाद्या लेकीच्या घरी राहिलंय का? सगळ्यांचं उत्तर एकच. "ओतून दिलं बाई तवाच. जिवाशी कोन खेळतंय?" एकीची लेक उदगीरला दिलेली, ती म्हणाली आहे आमच्याकडे. मी बस धरून गेले. तिने फ्रीजमधून काढून दाखवलं ते पाकिटच होतं.

भावाला मात्र मी खरं तेच सांगितलं: मडक्यात वाईट काही नाही, अगदी स्वच्छ आहे. भावजयीने फोन घेऊन पुन्हा विचारलं, "पोरीला दिऊ का ताई? तुमची जबाबदारी." मी म्हटलं, दे. त्यातही खोटं नव्हतं. पाकिटातल्या दह्याने कुणाचं काय होणार? माझ्या ह्या शब्दावर आत्याला तिची येळवस परत मिळाली.

येळवशीच्या दिवशी मी सकाळच्या बसने पोचले. शेतात हरभरा फुलला होता आणि ज्वारीवर दव होतं. बिंदगं डोक्यावर घेऊन आत्या पुढे आणि आम्ही मागे, असे कोपीपर्यंत गेलो. वाटेत ज्या बायकांनी वर्षभर तिला बघून पदर आवरून वाट बदलली होती, त्याच आता म्हणत होत्या, "आत्या, आमच्या वाट्याची ठिवा." आत्या मान हलवत होती. पूजा झाली. भाऊ शिवाराभोवती आंबील शिंपडून आला. मग पंगत बसली आणि आत्याने पळी हातात घेतली.

पहिला पेला भाचीला दिला. तिची आई शेजारी उभी राहून बघत होती. पोरगी घटाघटा प्यायली, ओठांवर पांढरी मिशी आली, अजून मागितली. भावजय हसली. सगळी पंगत सैल झाली आणि बोलायला लागली. झकास झालीय, म्हणाले. लई गोड झालीय या साली, म्हणाले. रस्त्याने मोटारसायकलवर चाललेल्या दोघांना भावाने आडवं होऊन बोलावलं, ते बसले, त्यांनीही दोन-दोन पेले घेतले. मला वाटलं, चला, म्हातारीचं जे व्हायचं ते झालं, कुणाला कळलंही नाही. मी उंड्याचा तुकडा मोडत होते आणि दमले होते. इथेच हे संपलं असतं तर मला चाललं असतं.

पंगत उठली. आत्या कोपीच्या मागे सावलीला बसली होती, मी तिच्यापाशी जाऊन बसले. तिने स्वतः आंबील घेतली नव्हती. पेला भरून पुढ्यात ठेवला होता.

"आत्या, पी की."

तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"चव न्हाई हिला," ती म्हणाली. "तू आलीस तवापासून न्हाई. तुला ठाव असंल."

मी मान हलवून हो म्हटलं.

"तुझा भाऊ म्हनला तपासनी हाय. मला वाटलं, इतक्या वर्षांचं मडकं, काय सांगावं, निघायचं काय तर. तुला किडं दिसलं तर तुलाबी खाली बघायची पाळी. म्हनून ब्लिचिंग पावडर घातली, दोन दिस उन्हात ठिवलं, घासून काढलं. अन् तालुक्याहून पाकिट आनाया सांगितलं. म्हनलं, तपासनी झाली की परत आपलं आंबट हुईल, मडकं जुनंच हाय. तर व्हईनाच झालंय. रोज बघते. व्हईना."

"होणार नाही, आत्या. ते धुतलं गेलं."

"व्हय. कळलं मला." मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. "पन तू नेलं होतंस की मागच्या येळवशीला. ह्या धुन्याच्या आधी. ते हाय नव्हं तुझ्याकडं?"

"आहे."

"समदं हाय?"

"सगळं आहे. त्याचं अक्षरन् अक्षर कॉम्प्युटरवर आहे. जगात दुसरीकडे कुठे नाही, फक्त आपल्याकडे आहे." हे सांगताना मला क्षणभर अभिमान वाटला.

"मग वाटीभर दे की त्यातलं," आत्या म्हणाली. "विरजन लावते."

मी तिला समजावलं. नळीतल्या द्रवाने जंतू मरतात हे सांगितलं. जे उरतं ते फक्त वाचायचं असतं, त्याने पीठ आंबत नाही हे सांगितलं. इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगून तोंडपाठ झालेलं सगळं होतं, तरी अडखळत होते. ती नीट ऐकत होती. मध्ये एकदा तिने मान हलवली, म्हणजे तिला कळत होतं.

"म्हंजी ते जितं न्हाई."

"नाही."

"मग तू नेलंस काय गं?"

ती रागाने बोलली नव्हती. दुकानातून काय आणलंस, असं विचारावं तसं विचारलं. मी कडब्याची एक काडी उचलून तिचे तुकडे करत राहिले.

तेवढ्यात भावजय रिकामे पेले घेऊन आली. वाटेवरून आणखी माणसं आली होती, आंबील मागत होती. पुन्हा एकदा वाढायला चला म्हणाली. आत्याने बसल्या जागेवरून पळी तिच्यापुढे धरली.

"तूच वाढ. अन् पुढच्या सालापासून तूच कर. पाकिटाचंच हाय आता, कुनालाबी जमतंय."

भावजयीने पळी घेतली. तिला वाटलं, आत्या दमल्या.